‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ म्हणजे नक्की कोण? लहान मुलाची थेरपी सुरू करण्याआधी पात्रता अशी तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी 2 वर्षे 4 महिन्यांची. ‘आई’, ‘पापा’, ‘पाणी’ एवढेच शब्द. हाक मारली तर कधी वळते, कधी नाही. बालरोगतज्ज्ञांनी ‘थेरपी सुरू करा’ म्हटले. तालुक्याच्या गावी दोन सेंटर आहेत, दोन्हींच्या पाटीवर ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ आणि भिंतीवर सात-आठ फ्रेम. रोजचे सेशन घेणाऱ्या ताईंचा एक वर्षाचा डिप्लोमा झाला आहे आणि मुलीला त्यांचा लळा लागला आहे. यातले कोणते कागद कामाचे, कोणाला काय करायचा अधिकार आहे आणि हे तपासायचे कसे?

तुम्ही न विचारलेल्या गोष्टीपासून सुरुवात करतो. मुलीची श्रवणतपासणी झाली आहे का? न बोलणाऱ्या आणि हाकेला बेभरवशाचा प्रतिसाद देणाऱ्या मुलाची थेरपी सुरू करण्याआधी ऐकू येते की नाही हे यंत्रावर तपासायलाच हवे. ‘टाळी वाजवली की वळते’, ‘टीव्हीवरचे गाणे लागले की धावत येते’ ही तपासणी नव्हे. एका कानाने नीट ऐकणारे, किंवा फक्त उंच स्वर न ऐकणारे मूलही टाळीला वळते. जन्मानंतर प्रसूतिगृहात केलेली ओएई (कानातल्या पेशींचा प्रतिसाद मोजणारी तपासणी) ‘पास’ असली तरी ती त्या दिवसापुरती. नंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकते, श्रवणदोष हळूहळू वाढूही शकतो. शिवाय कानातल्या पेशी ठीक पण पुढची नस नीट संदेश नेत नाही, असा प्रकार एकट्या ओएईत सुटतो. त्यासाठी बेरा, म्हणजे आवाज नसेतून पुढे नीट पोचतो का हे पाहणारी तपासणी करतात, ती मूल झोपेत असताना होते. पडद्यामागच्या पाण्यासाठी टिम्पॅनोमेट्री. ही तपासणी ऑडिओलॉजिस्टची. दोन्ही सेंटरपैकी ज्यांनी पहिल्या भेटीत ‘कानाचा रिपोर्ट आणा’ असे म्हटले नसेल, त्यांच्या भिंतीवर कितीही फ्रेम असोत, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळाले.

आता कागदांकडे. गोंधळाचे मूळ हे की ‘थेरपिस्ट’ नावाची एकच नोंदवही आपल्याकडे नाही. पाटीवरच्या त्या एका शब्दामागे तीन-चार वेगळे व्यवसाय असतात आणि प्रत्येकाची नोंदणी वेगळ्या ठिकाणी होते.

स्पीच थेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि रिहॅबिलिटेशन सायकॉलॉजिस्ट हे सगळे भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे येतात. 1992 च्या कायद्याने या परिषदेला अधिकार मिळाले. अशा एकूण 16 प्रकारच्या व्यावसायिकांची केंद्रीय नोंदवही ती ठेवते. त्यातल्या नोंदीचा क्रमांक म्हणजे सीआरआर नंबर. कायद्याचे कलम 13 स्पष्ट आहे: मान्य पात्रता आणि या नोंदवहीत नाव, दोन्ही असल्याशिवाय देशात कुठेही पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम करता येत नाही आणि त्या नात्याने द्यायच्या प्रमाणपत्रावर सहीही करता येत नाही. नोंदवही देशभराची एकच असल्यामुळे पुण्यात नोंदणी झालेल्या स्पीच थेरपिस्टला पणजीत किंवा बेळगावात काम करायला वेगळी नोंदणी लागत नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट (ओटी) आणि फिजिओथेरपिस्ट (पीटी) मात्र आरसीआयच्या यादीत नाहीत. पालक इथे हटकून घोटाळा करतात: ओटीकडे सीआरआर नंबर मागतात, तो नाही म्हटल्यावर ‘बोगस’ म्हणून मोकळे होतात. महाराष्ट्रात या दोघांसाठी 2002 च्या राज्य कायद्याखाली व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषद आहे. तिथला नोंदणी क्रमांक मागायचा. 2021 मध्ये केंद्राने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि हे दोन्ही व्यवसाय त्याच्या अनुसूचीत आले. त्याखालच्या राज्य परिषदा बसवण्याचे काम राज्याराज्यांत वेगवेगळ्या टप्प्यावर आहे, त्यामुळे दुसऱ्या राज्यातून आलेल्या ओटीला ‘तुमची नोंदणी कुठे?’ असा मोकळा प्रश्न विचारणे बरे. बालरोगतज्ज्ञांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. तिथे एमडी किंवा डीसीएच ही पुढची पात्रताही नोंदवलेली आहे का, तेवढे पाहा.

म्हणजे तुमच्या मुलीसाठी जे चार-पाच जण लागू शकतात, त्यांच्यासाठी तीन वेगळ्या नोंदवह्या चाळाव्या लागतील. कटकट आहे, पण एकूण अर्ध्या तासाचे काम आहे.

तपासणी अशी करा. रिसेप्शनवर ‘तुमचे थेरपिस्ट सर्टिफाइड आहेत ना?’ असे विचारू नका. उत्तर ‘हो’च येणार. ‘माझ्या मुलीचे सेशन प्रत्यक्ष कोण घेणार, त्यांचे पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक द्या’ असे विचारा. भिंतीवरच्या फ्रेम अनेकदा सेंटरच्या मालकांच्या किंवा महिन्यातून एकदा येणाऱ्या सल्लागारांच्या असतात. क्रमांक मिळाला की परिषदेच्या संकेतस्थळावर शोधा. नावाने शोधू नका, क्रमांकाने शोधा. लग्नानंतर आडनाव बदललेले असते, नोंदणी माहेरच्या नावाने असते, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘एच’ कमी-जास्त असतो. नाव सापडले नाही म्हणून चांगल्या माणसावर संशय घेतल्याचे प्रकार होतात.

क्रमांक सापडला की चार गोष्टी ताडून पाहा. नाव समोरच्या व्यक्तीचेच आहे का. मुदत शिल्लक आहे का. आरसीआयची नोंदणी कायमची नसते, 5 वर्षांनी नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी मधल्या काळात सतत प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. तिसरे, पात्रतेचा दर्जा. सीआरआर नंबरच्या आधी सहसा ए किंवा बी अक्षर असते. ए म्हणजे पदवी आणि त्यावरचे व्यावसायिक, बी म्हणजे डिप्लोमा-प्रमाणपत्र पातळीचे कर्मचारी. बी असणे हा दोष नाही, पण कामाची मर्यादा वेगळी, ती खाली सांगतो. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त निसटते: विषय. विशेष शिक्षणाचा डी.एड. किंवा बी.एड. हा श्रवणदोष, दृष्टिदोष, बौद्धिक अक्षमता, ऑटिझम अशा एकेका विषयात असतो. दृष्टिदोषाच्या विषयात शिकलेल्या शिक्षिकेची नोंदणी शंभर टक्के खरी असते, तरी तुमच्या मुलीसारख्या मुलांबरोबर काम करायला त्यांना वेगळे शिकावे लागले असणार. कुठे शिकलात, एवढे विचारायला हरकत नाही.

‘डिग्री झाली आहे, नंबर यायचा आहे’ हे उत्तरही येईल. नुकत्याच उत्तीर्ण झालेल्यांच्या बाबतीत ते खरे असते; अर्ज केल्याची पोच मागा, आणि नंबर येईपर्यंत नोंदणीकृत व्यक्ती खोलीत हजर असायला हवी. पण पदवीला चार वर्षे झाली तरी नंबर यायचाच असेल तर बहुधा ती संस्था किंवा तो अभ्यासक्रम परिषदेने मान्य केलेला नव्हता. अशी पदवी घेणाऱ्याचीही फसवणूकच झालेली असते, पण म्हणून तुमच्या मुलीचे सेशन तिथे घ्यायला हवे असे नाही.

भिंतीवरच्या उरलेल्या फ्रेमांचे काय? आयएसओ 9001 म्हणजे कार्यालयीन कारभाराची पद्धत ठरलेली आहे. उद्यम नोंदणी म्हणजे धंदा लघुउद्योग म्हणून नोंदला. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक, 80-जी, धर्मादाय आयुक्तांचे पत्र हे संस्थेचे कागद. ‘शासनमान्य’ या शब्दाखाली बहुतेक वेळा यांतलेच काहीतरी असते. थेरपी कोण देते आणि तिला ती येते का, याच्याशी यांचा काडीचा संबंध नाही. व्यावसायिक संघटनेची आजीव सभासदता ही चांगली गोष्ट आहे, पण तो परवाना नव्हे.

फसवी म्हणावी अशी फ्रेम एकच असते, आणि ती दिसायला सगळ्यात भारदस्त. आरसीआयचे बोधचिन्ह, ठळक नाव, खाली दोन-तीन सह्या. जवळ जाऊन वाचले की कळते, हे दोन किंवा तीन दिवसांच्या सीआरई कार्यक्रमाला हजर राहिल्याचे प्रमाणपत्र आहे. सीआरई म्हणजे आधीच नोंदणी असलेल्यांनी नूतनीकरणासाठी घ्यायचे उजळणी-प्रशिक्षण. ते नोंदणीचा पुरावा नाही. फ्रेमवर ‘सहभाग’ किंवा ‘उपस्थिती’ हा शब्द आणि तारखांमध्ये दोन-तीन दिवसांचे अंतर दिसले की समजून जा. नोंदणीच्या प्रमाणपत्रावर क्रमांक आणि मुदत असते.

ताईंबद्दल. स्पीचच्या क्षेत्रातला एक वर्षाचा डिप्लोमा म्हणजे बहुधा डीएचएलएस, म्हणजे श्रवण, भाषा आणि वाणीचा डिप्लोमा. तो मान्य अभ्यासक्रम आहे आणि त्यावर नोंदणीही होते, फक्त सहायक म्हणून. पूर्ण स्पीच थेरपिस्टची बीएएसएलपी ही ऑडिओलॉजी आणि स्पीचची पदवी चार वर्षांची असते आणि त्यातले शेवटचे एक वर्ष इंटर्नशिप. या दोन कागदांमधला फरक नुसत्या वर्षांचा नाही. मुलीला नेमके काय झाले आहे हे ठरवणे, तपासणी करून रिपोर्ट लिहिणे, उद्दिष्टे ठरवणे आणि ती बदलणे हे पदवीधराचे काम. ठरलेल्या योजनेप्रमाणे सेशन घेणे, नोंदी ठेवणे, घरी काय करायचे ते पालकांकडून करून घेणे हे सहायक करू शकतात, आणि काही सहायक ते फार सुंदर करतात. म्हणून ‘एक वर्षाचा डिप्लोमा चालेल का?’ याचे उत्तर: चालेल, जर त्यांच्यामागे खरोखर कोणी असेल तर.

‘खरोखर’ म्हणजे काय ते मोजता येते. मूळ तपासणी पदवीधराने स्वतः मुलीला समोर बसवून केलेली असावी आणि रिपोर्टवर त्यांची सही व क्रमांक असावा. त्यांनी महिन्यातून निदान एक-दोनदा चालू सेशन पाहावे, तेही तुम्हाला आधी कळवून. योजना दर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्या हाताने बदललेली दिसावी. नुसते ‘मॅडम फोनवर असतात’ म्हणजे देखरेख नाही. अनेक सेंटरमध्ये गाडी इथेच घसरते. एक नोंदणीकृत व्यक्ती, तिच्या नावावर चार गावांतली सेंटर, आणि प्रत्यक्षात बारावी झालेल्या मुली दोन आठवडे बघून सेशन घेतात. मुलांना त्या आवडतात, पालक खूश असतात. वर्षभराने कळते की तेच पझल आणि तेच फ्लॅशकार्ड फिरते आहे.

बिहेविअर थेरपीकडे, म्हणजे एबीएकडे, वेगळ्या नजरेने पाहावे लागते, कारण त्यातल्या पाट्या बहुतेक परदेशी असतात. आरबीटी, म्हणजे रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन, हे अमेरिकी मंडळाचे सर्वांत खालच्या पायरीचे प्रमाणपत्र: वय 18, शालेय शिक्षण पूर्ण आणि 40 तासांचे प्रशिक्षण, त्यावर परीक्षा. त्या पायरीवरच्या माणसाने एकट्याने काम करणे त्या मंडळालाच मान्य नाही. महिन्यातल्या कामाच्या किमान 5 टक्के वेळ देखरेखीखाली जायला हवा. महिन्याला 60 तास सेशन असतील तर 3 तास. ‘आम्ही आरबीटी आहोत’ असे सांगणाऱ्याला ‘तुमचे सुपरव्हायझर कोण?’ हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. शिवाय त्या मंडळाने 1 जानेवारी 2023 पासून अमेरिका, कॅनडा आणि मोजके देश सोडून इतरत्र राहणाऱ्यांचे नवे अर्ज घेणे बंद केले. भारतात राहून ‘गेल्या वर्षी आरबीटी झाले’ असे कोणी म्हणत असेल तर फक्त 40 तासांचा कोर्स झाला असण्याची शक्यता जास्त. सेन्सरी इंटिग्रेशन (स्पर्श, तोल अशा संवेदनांवरचे काम), एनडीटी (हालचालींवरचे काम) ही ओटी-पीटीसारख्या पदवीनंतर घ्यायची प्रशिक्षणे आहेत. छताला झोका टांगला आणि खाली बॉल-पूल ठेवला म्हणून सेन्सरी इंटिग्रेशन होत नाही.

मानसशास्त्रज्ञांच्या रिपोर्टवर थोडे जास्त थांबतो, कारण चुकीच्या हाताने केलेली चाचणी मुलाच्या फाइलमध्ये वर्षानुवर्षे राहते. एम.ए. सायकॉलॉजी म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नव्हे. त्यासाठी एम.ए.नंतर रुग्णालयात देखरेखीखाली केलेले प्रशिक्षण लागते, आजवर मुख्यतः दोन वर्षांची एम.फिल., आणि मग आरसीआय नोंदणी. एम.ए. झालेले समुपदेशक उत्तम असू शकतात. पण तुमच्या मुलीची औपचारिक चाचणी त्यांच्या कामात बसत नाही.

चांगला रिपोर्ट ओळखायची एक जागा सांगतो. अडीच वर्षांखालच्या मुलाच्या रिपोर्टमध्ये ‘आयक्यू 62’ असे लिहिलेले दिसले तर थांबा. या वयात आयक्यू मोजत नाहीत, विकासांक म्हणजे डीक्यू काढतात. आपल्याकडे त्यासाठी 30 महिन्यांपर्यंतच्या बाळांची डासी ही चाचणी वापरतात: हालचालींचे 67 आणि मानसिक विकासाचे 163 मुद्दे, दोन्हींचे अंक वेगवेगळे. ती शिकून घ्यावी लागते, पुस्तक उघडून करता येत नाही. कच्च्या हाताची सगळ्यात महाग चूक म्हणजे वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे वय न दुरुस्त करणे. समजा, बाळ 30 आठवड्यांना जन्मले, म्हणजे 10 आठवडे आधी. आज जन्मतारखेप्रमाणे 14 महिन्यांचे आहे; दुरुस्त वय साधारण पावणेबारा महिने. चाचणीत विकासाचे वय साडेनऊ महिने आले. साडेनऊ भागिले 14 केले तर डीक्यू 68, म्हणजे 70 च्या खाली, ‘विकासात विलंब’ असा शिक्का. दुरुस्त वयाने भागले तर 81. मूल तेच, चाचणी तीच, एका भागाकाराने घरात रडारड. दोन वर्षांपर्यंत ही दुरुस्ती करतात. रिपोर्टच्या पहिल्या पानावर किती आठवड्यांना जन्म झाला हे लिहिलेले नसेल तर विचारा.

तसेच ऑटिझमच्या प्राथमिक चाळणीसाठी वापरतात त्या एम-चॅटचे. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी पालकांना विचारायचे हे 20 प्रश्न ‘पुढे तपासणी हवी का’ एवढेच सांगतात. अंगणवाडी ताई, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे (आरबीएसके) पथक, शिकलेले पालक, कोणीही ते भरू शकते. त्याला ‘ऑटिझम टेस्ट’ म्हणून पावती फाडणे आणि आकड्यावरून निदान हातात ठेवणे, दोन्ही गैर. सेंटरचा कोणताही रिपोर्ट म्हणजे अपंगत्व प्रमाणपत्रही नव्हे; ते 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली नेमलेले वैद्यकीय प्राधिकारीच देतात.

इथवरचे सगळे म्हणजे उंबरठा. नोंदणी असली की माणूस आत येऊ शकतो, एवढाच तिचा अर्थ. ओटीची पदवी पक्षाघाताचे आजोबा, हाताला मार लागलेला कामगार आणि आठ महिन्यांचे बाळ या सगळ्यांसाठी एकच असते. स्पीचची पदवीही तशीच. तीन वर्षांखालच्या मुलांचा अनुभव कोणत्याही नोंदवहीत लिहिलेला नसतो, तो विचारूनच कळतो. ‘गेल्या वर्षभरात तीन वर्षांखालची साधारण किती मुले पाहिलीत? हे काम कोणाच्या हाताखाली शिकलात?’ या दोन प्रश्नांना जाणकार माणूस शांतपणे उत्तर देतो. चिडला तर तेही उत्तरच. पदवीनंतर लहान मुलांचेच काम शिकलेले लोक असतात: सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन संस्थेत, एनआयईपीआयडीत, शीघ्र हस्तक्षेपाचा एक वर्षाचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे आणि वेगवेगळ्या पदव्यांचे लोक तो करतात. असा माणूस तालुक्याला मिळाला तर सोडू नका.

मग पहिली तीन-चार सेशन पाहा. पाहा म्हणजे खोलीत बसून पाहा. अडीच वर्षांच्या मुलाला आत नेऊन पालकांना 45 मिनिटे बाकावर बसवून ठेवणारे सेंटर मला पटत नाही, सुरक्षेच्या कारणानेही आणि कामाच्याही. आठवड्याला दोन सेशन म्हणजे दीड तास. मूल आठवड्यात जागे असते जवळपास 80 तास. ते 80 तास तुमच्या घरात जातात, त्यामुळे थेरपिस्टचे निम्मे काम तुम्हाला शिकवणे हे आहे. तिसऱ्या सेशनपर्यंत उद्दिष्ट कागदावर हवे, आणि ते मोजता यावे. ‘भाषाविकास करणे’ हे उद्दिष्ट नाही. ‘आठ आठवड्यांत, समोर डबा असताना, खाऊ हवा असल्यास 5 पैकी 4 वेळा बोट दाखवून किंवा ‘दे’ म्हणून मागेल’ हे उद्दिष्ट आहे. शब्द फुटावेत म्हणून फुगे, शिट्ट्या, मेणबत्ती फुंकणे यांतच सेशन जात असतील तर कारण विचारा. अशा व्यायामांनी बोलणे येते याला आधार मिळालेला नाही. आणि ‘घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला’ असा सल्ला कोणी दिला तर नोंदणी कितीही चोख असो, त्यांचे वाचन थांबलेले आहे. दोन भाषांनी विलंब होत नाही, आणि आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते ती काढून घेतल्याने मुलाचे नुकसानच होते.

परदेशातून वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलांची सेवा दिव्यांग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यातल्या, 1986 च्या दुरुस्तीतून आलेल्या ‘भाग सी’मध्ये बसते, आणि स्पीच किंवा ओटीला त्या त्या राज्याचा परवाना लागतो. पुण्यातल्या थेरपिस्टचा सीआरआर नंबर न्यू जर्सीतल्या मुलावर उपचार करायचा परवाना होत नाही. मराठीतून ऑनलाइन मार्गदर्शन घ्या, पण तिथली हक्काची सेवा सोडून नको. उलट बाजूनेही तसेच: तिकडचे प्रमाणपत्र घेऊन इकडे आलेल्याला इथली नोंदणी लागतेच.

खासगी सेंटरखेरीज तुमच्यासाठी एक वाट आहे, ती तालुक्यात फारशी कोणी सांगत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरमधूनच झाली. त्याखाली जिल्हा रुग्णालयात डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, अपेक्षित आहे. त्याच्या रचनेत बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ आणि विशेष शिक्षक एका छताखाली येतात, आणि सेवा मोफत असते. सगळी पदे सगळीकडे भरलेली असतील असे नाही, म्हणून जाण्याआधी कोणत्या दिवशी कोण असते ते फोनवर विचारून घ्या. रोज जाणे परवडणार नसेल तरी मूळ तपासणी आणि श्रवणतपासणी तिथे करून घ्या आणि तो रिपोर्ट हातात घेऊन गावातल्या सेंटरला जा. मग समोरच्याला अंदाजपंचे बोलता येत नाही.

खोटा क्रमांक किंवा दुसऱ्याचा क्रमांक वापरलेला आढळला तर परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. कलम 13 मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा 1,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हजार रुपये म्हणजे एखाद-दुसऱ्या सेशनची फी, त्यामुळे धाक फारसा बसत नाही हे खरे. पैसे परत मिळवायचे असतील तर जिल्हा ग्राहक आयोग जास्त उपयोगाचा, आणि तिथे पावत्या लागतात. म्हणून फी रोख देत असाल तरी प्रत्येक वेळी पावती घ्या, तिच्यावर सेशन घेणाऱ्याचे नाव लिहून घ्या.

आणि ताईंना दुखवायची गरज नाही. त्यांचा नंबर विचारताना त्यांच्यावर देखरेख करणाऱ्यांचाही विचारा, मोकळेपणाने. त्या चांगल्या असतील तर त्यांनाही हेच हवे असते: मागे कोणी असावे, चुकले तर सांगावे. बारावी विज्ञान शाखेतून झालेली असेल तर बीएएसएलपीची वाट त्यांच्यासाठी उघडी आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत हा अभ्यासक्रम आहे. प्रवेश घेण्याआधी त्या वर्षासाठी त्या संस्थेच्या त्या अभ्यासक्रमाला आरसीआयची मान्यता आहे का, हे परिषदेच्या यादीत पाहायला त्यांना सांगा. गेल्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच असे नाही.